श्रेष्ठ कोण ? — आंकड्यांची साक्ष

क्रीडांगणावरील वीरांची प्रतवारी लावण्याचा छंद फार जुना आहे; अमेरिकेंत मात्र त्यास शास्त्राचें रूप आलेलें दिसतें. तेथील फुटबॉल हा आपल्या परिचयाचा, पायांनीं खेळावयाचा फुटबॉल नव्हे. त्यांत अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ लांबट चेंडू हातीं घेऊन किंवा फेकून प्रतिपक्षाच्या सीमेपार नेण्याची शिकस्त करितात. चेंडू असा पार गेला म्हणजे ‘टचडाउन’ झालें. चढाई करणाऱ्या संघाचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. चेंडू कोणाकडे फेकावा, याचा निर्णय त्यास क्षणार्धांत करावा लागतो. अशा सूत्रधारांत आजवरचा श्रेष्ठ कोण, हा तेथील न संपणारा वाद आहे.

निर्णयाचीं साधनें तीन मानितात : अजिंक्यपदें, पुरस्कार आणि आंकडे. त्यांची परीक्षा करितांना आपल्या नैयायिकांनीं सांगितलेले अव्याप्ति आणि अतिव्याप्ति हे लक्षणाचे दोष चांगले उपयोगीं पडतात.

प्रथम अजिंक्यपदें घेऊं. ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्यांत जो मोंटाना चार वेळां उतरला आणि चारही वेळां विजयी झाला. टॉम ब्रेडीनें तर सात विजय मिळविले. परंतु डॅन मरीनो यानें १९८४ च्या एका हंगामांत ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन असे तोंवर कोणासही न साधलेले विक्रम केले, तरी त्यास अखेरपर्यंत एकही अजिंक्यपद लाभलें नाहीं. ही अव्याप्ति. उलट, बाल्टिमोरच्या संघानें २००० च्या हंगामाचें अजिंक्यपद मुख्यतः बचावाच्या बळावर मिळविलें. त्याचा क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर यास संघानें पुढील हंगामास ठेवलेंसुद्धां नाहीं. ही अतिव्याप्ति. संघाचें यश एकाच्या नांवें मांडलें कीं असें व्हावयाचेंच.

आतां पुरस्कार. ‘असोशिएटेड प्रेस’ ही वृत्तसंस्था पत्रकारांच्या मतांनीं दरसाल सर्वांत मोलाचा खेळाडू निवडते. हा मान पेटन मॅनिंगला पांच वेळां, आरन रॉजर्सला चार वेळां आणि ब्रेडीला तीन वेळां मिळाला. या साधनाचा गुण असा कीं, तें खेळाडूची तुलना त्याच्या समकालीनांशींच करितें. दोष असा कीं, मतें बाद फेरीपूर्वींच दिलेलीं असतात; म्हणून खऱ्या कसोटीचे सामने त्यांत मोजलेच जात नाहींत.

राहिले आंकडे. १९७३ सालीं स्वीकारलेल्या सूत्रांत चार प्रमाणें एकत्र करितात : किती फेकी सफल झाल्या, दर फेकीमागें किती यार्ड मिळाले, टचडाउन किती आणि प्रतिपक्षानें झेललेले चेंडू किती. याची कमाल मर्यादा १५८·३. ब्रेडीचा अंक ९७·२ आणि जॉनी युनायटसचा ७८·२. म्हणून युनायटस खालचा म्हणावा काय? मुळींच नाहीं. १९७८ सालीं नियम बदलून पांच यार्डांपलीकडे चेंडू झेलणाऱ्यास अडविण्यावर निर्बंध आले, आणि फेकणें सुलभ झालें. हंगामाचे सामनेही बारांचे चौदा, १९७८ पासून सोळा आणि २०२१ पासून सतरा झाले. युनायटसनें मात्र कठीण काळांत सलग ४७ सामन्यांत किमान एक टचडाउन फेकलें. तो विक्रम १९६० पासून २०१२ पर्यंत अबाधित राहिला. आणि सॅमी बॉ यानें १९४३ सालीं चेंडू फेकण्यांत, लाथेनें दूर धाडण्यांत आणि बचावांत राहून प्रतिपक्षाचे चेंडू झेलण्यांत, असा तिहेरी अग्रक्रम मिळविला, त्यास त्या सूत्रांत रकानाच नाहीं !

तात्पर्य, आंकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. आपल्या काळांतील इतरांहून कोण किती उंच उभा राहिला, हें आधीं पाहावें, आणि मगच तिन्ही साक्षी जुळतात कीं नाहीं तें पडताळावें. या रीतीनें युनायटस, मोंटाना आणि ब्रेडी हे आपापल्या काळचे मुकुटमणि ठरतात. एकच नांव घ्यावयाचें तर तेवीस हंगामांपर्यंत तिन्ही साक्षी टिकविणाऱ्या ब्रेडीचें घ्यावें लागेल.

काकांच्या मॅट्रिकचे गुण आणि पुतण्याच्या दहावीचे गुण एका मापानें मोजणाऱ्या घरांनींही हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. प्रश्नपत्रिका निराळी, परीक्षक निराळे, काळ निराळा. शिवाय २००० सालीं नव्या खेळाडूंची निवड झाली, तेव्हां याच ब्रेडीचा क्रमांक १९९ वा लागला होता ! त्याच्याआधीं सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. मापणारेही अनुभवीच होते; परंतु पुढें काय वाढेल, हें त्यांच्या मापांत मावलें नाहीं.