गाडी दारात येते, पण वेळेवर?

ज्या दिव्यांग व्यक्तींना नेहमीच्या बसने किंवा मेट्रोने जाता येत नाही, त्यांना घरून घेऊन मुक्कामी पोहोचवणाऱ्या सार्वजनिक वाहनसेवेला पॅराट्रान्झिट म्हणतात. अमेरिकेत ही सेवा मिळणे हा कायदेशीर हक्क आहे आणि तो झगडून मिळवलेला आहे. जुलै १९७८ मध्ये डेन्व्हर शहरात १९ दिव्यांग कार्यकर्त्यांनी भर चौकात ठाण मांडून बसगाड्या रात्रभर अडवून धरल्या होत्या. व्हीलचेअरसह बसमध्ये चढता यावे, एवढीच त्यांची मागणी होती. अशा अनेक आंदोलनांनंतर २६ जुलै १९९० रोजी ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ मंजूर झाला.

या कायद्याखालील नियम नेमके आहेत. बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलापर्यंत, म्हणजे सुमारे १.२ किलोमीटरपर्यंत, ही सेवा द्यावीच लागते. बस ज्या दिवशी, ज्या वेळेत धावते, त्या वेळेत तीही उपलब्ध हवी. भाडे बसच्या दुपटीहून जास्त घेता येत नाही आणि मदतनीसाला भाडे नसते. आदल्या दिवशी नोंदणी केली की गाडी मिळाली पाहिजे. प्रवास दवाखान्यासाठी आहे की नाटकासाठी, यावरून अग्रक्रम ठरवता येत नाही. पात्रतेच्या अर्जावर २१ दिवसांत निर्णय झाला नाही, तर तो होईपर्यंत सेवा द्यावी लागते.

अडचण येते ती रोजच्या वापरात. समजा, डॉक्टरांची वेळ दहाची आहे. गाडी साडेआठ ते नऊच्या दरम्यान कधीही येते, आली की जेमतेम पाच मिनिटे थांबते. प्रवासी तेवढ्यात बाहेर आला नाही, तर त्याच्या नावावर ‘गैरहजर’ असा शेरा पडतो आणि असे शेरे साचले की सेवा काही काळ बंद होऊ शकते. वाटेत आणखी प्रवासी घेतले जातात, त्यामुळे वीस मिनिटांच्या अंतराला तास लागतो. डॉक्टरांकडे उशीर झाला, तर परतीची गाडी निघून जाते आणि दुसरीची वाट पाहण्यात दुपार जाते.

यामागे पैशाचेही कारण आहे. पॅराट्रान्झिटच्या एका फेरीचा खर्च बसप्रवासाच्या कित्येक पट असतो. कायद्याने जबाबदारी टाकली, तरी खर्चाचा मोठा भार स्थानिक परिवहन संस्थांवरच राहिला. म्हणून काही शहरांनी टॅक्सी आणि ॲपवरच्या गाड्यांची जोड दिली. बॉस्टनमध्ये २०१६ साली उबर आणि लिफ्ट या कंपन्यांसोबत असा प्रयोग सुरू झाला. आदल्या दिवशीच्या नोंदणीशिवाय निघता येऊ लागले. मात्र रॅम्प असलेल्या गाड्या कमी असल्या, की हा लाभ व्हीलचेअर वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी दूरध्वनीवरून नोंदणीची सोय लागते, चालकांना प्रशिक्षणही लागते.

ही सेवा चालवणाऱ्या कंत्राटदाराच्या कामाचे मोजमापही बदलायला हवे. किती फेऱ्या झाल्या याबरोबरच प्रवासी ठरल्या वेळी पोहोचला का आणि गाडीत किती वेळ अडकला, हे तपासले पाहिजे. गाडी कुठे आहे हे प्रवाशाला फोनवर कळले, तर दारात ताटकळणे टळते.

नेहमीची वाहतूकही सुगम करावी लागेल. न्यूयॉर्कच्या परिवहन प्राधिकरणाने २०२२ मध्ये न्यायालयीन तडजोडीत २०५५ पर्यंत भुयारी रेल्वेची ९५ टक्के स्थानके सुगम करण्याचे मान्य केले. पदपथ, थांबे आणि लिफ्ट धड असतील, तर अनेकांना पॅराट्रान्झिटवाचून प्रवास करता येईल. तरीही ज्यांना थांब्यापर्यंत जाणेच शक्य नाही, त्यांचा हा एकमेव आधार राहील. म्हणून दोन्हींवर एकाच वेळी खर्च करणे आवश्यक आहे.