होडी तरते, ट्रेलर अडतो

दरवर्षी मे महिन्यात मला तीन-चार फोन ठरलेले. बोलणारा पुण्या-मुंबईचा, सुट्टीत गावी आलेला आणि खाडीकाठच्या घराच्या खळ्यात मासे पकडायला प्लायवूडची छोटी होडी बांधायचीच, असं मनाशी पक्कं केलेला. त्याचे प्रश्नही ठरलेले: गळेल का? उलटेल का? सुतारकाम येत नाही, जमेल का? ट्रेलरबद्दल चकार शब्द नाही. तो काय, वेल्डरकडून करून घेऊ!

माझा अनुभव नेमका उलटा आहे. बारा फुटांची होडी मी खळ्यात बांधली आणि ती पहिल्या दिवसापासून कोरडी राहिली. ट्रेलरनं मात्र मला भर उन्हात घाटात चार तास बसवलं. म्हणून हे थोडं खुलाशानं लिहितो.

“होडी बांधणं पिढीजात कसबाचं काम, ते घरी जमत नाही.”

कसब पिढीजात आहे यात वाद नाही. पठाण म्हणजे तळाचा कणा टाकायचा, नाळ म्हणजे पुढचं उभं लाकूड बसवायचं, बाकदार लाकडातून वंक म्हणजे फासळ्या काढायच्या आणि त्यांवर जाड फळ्या वळवायच्या, हे नवख्याचं कामच नव्हे. पण घरी बांधतात ती होडी मुळात अशी बांधत नाहीत. १९६३ साली लंडनच्या बोट प्रदर्शनात ‘मिरर’ नावाची जेमतेम अकरा फुटांची शिडाची होडी आली. आराखडा जॅक होल्ट यांचा आणि युक्ती बॅरी बकनेल यांची. हे बकनेल टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवायचे. प्लायवूडचे कापलेले तुकडे काठाला काठ लावून तांब्याच्या तारेनं शिवायचे आणि सांध्यावर रेझिनमध्ये भिजवलेली काचकापडाची पट्टी बसवायची, एवढंच. आधी सांगाडा उभारायला नको, कारण तुकड्यांच्या कापलेल्या कडाच होडीला आकार देतात. लोकांनी गॅरेजमध्ये, अंगणात अशा सत्तर हजारांच्या घरात होड्या बांधल्या. मासेमारीच्या सपाट तळाच्या छोट्या होड्यांचे आज मिळणारे बरेचसे घरगुती आराखडे याच रीतीचे असतात.

रंधा हातात धरता आला नाही तरी चालेल. मापं मात्र मिलिमीटरमध्ये घ्यावी लागतात. आणि सुरुवात करण्याआधी एक माप आवर्जून घ्या: ज्या पडवीत होडी बांधणार, तिच्या दाराची रुंदी. हसू नका. तयार होडी बाहेर काढायला दाराची चौकट काढलेलं घर मी पाहिलंय.

“तारेनं शिवलेली होडी टिकणार किती?”

तार म्हणजे शिंप्याचा कच्चा टाका. सांधा पक्का झाला की ती काढून टाकली तरी बिघडत नाही. शिवणीवरच उभी असलेली नौकाही आपल्याकडे आहे, पण तिची गोष्ट वेगळी. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेल्या ‘कौंडिण्य’च्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या आहेत, आणि मे २०२५ मध्ये ती कारवारला नौदलात दाखल झाली. तिथं शिवण हाच आधार. आपल्या प्लायच्या होडीत भार पेलते ती इपॉक्सी आणि काचकापडाची पट्टी.

“लवकर वाळायला हार्डनर थोडा जास्त घालायचा.”

नव्वद टक्के घाण इथं होते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये कॅटॅलिस्ट कमी-जास्त करून वेग बदलता येतो, आणि फायबरचं काम थोडंफार पाहिलेला माणूस तीच सवय इपॉक्सीला लावतो. इपॉक्सीत हार्डनर हा निम्मा भागीदार आहे. डब्यावर दिलेल्या प्रमाणापेक्षा तो जास्त पडला तर उरलेला भाग कुणाशीच जोडला जात नाही, आणि सांधा महिनाभरानंतरही बोटाला चिकट लागतो. मग खरवडून काढा सगळं! वेग बदलायचा असेल तर मंद किंवा जलद हार्डनर वेगळा विकत मिळतो.

दुसरी गंमत उष्णतेची. मे महिन्यात दुपारी स्टीलच्या पेल्यात पाव लिटर मिश्रण कालवून मी चहाला गेलो. परत आलो तर पेल्यातून धूर, मिश्रण दगड झालेलं, पेला हातात धरवेना. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापते, खोल भांड्यात ती उष्णता अडकते आणि अडकली की घट्ट होण्याचा वेग आणखी वाढतो. म्हणून मिश्रण थोडं-थोडं कालवायचं, लगेच पसरट ताटलीत ओतायचं आणि काम सकाळी उरकायचं. हातमोजे न विसरता घाला. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगात बसली की सहसा जन्माची सोबत करते.

“मरीन प्लाय म्हणजे कुजायची भीतीच नाही.”

बाजारात मरीन प्लाय म्हणून मिळणाऱ्या तक्त्यावर आयएस ७१० हा शिक्का हवा. त्यातला डिंक ७२ तास उकळत्या पाण्याची परीक्षा पास झालेला असतो. डिंक! लाकूड शेवटी लाकूडच. त्यावर औषध मारलेलं असलं तरी कापलेल्या कडेतून ते पाणी पितं. प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक इपॉक्सीनं बंद करावं लागतं, आणि वर रंग लागतोच, कारण उन्हानं इपॉक्सी झिजते. अनेकांना ठाऊक नसतं की होडी कुजवण्यात खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्याचा हात मोठा. कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी मानवतं. पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, त्यामागं हेही कारण आहे.

लाकडाचे दिवस गेले, असं म्हणणाऱ्यांना ‘म्हादई’ची आठवण करून द्यावी. दिलीप दोंदे २०१० मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणा पुरी करून आले, ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. तिच्या अंगात लाकूड आहे, आतबाहेर इपॉक्सी आणि काचकापड.

“लाकूड तरंगतं, म्हणजे होडी बुडणार नाही.”

लाकूड तरंगतं. इंजिन आणि बॅटरी बुडते. हिशेब सोपा आहे, करून बघा. बारा फुटी होडीचा पाण्याला टेकलेला तळ तीन चौरस मीटर धरा. ती एक सेंटिमीटर खाली जायला तीस लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे साधारण तीस किलो. पंच्याहत्तर किलोचा माणूस बसला की होडी अडीच सेंटिमीटर खाली. पाहुणे वाढले की काठ किती उरला, हे घरी बसून सांगता येतं. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा छोट्या होड्यांसाठीचा ठोकताळा असा: लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन गुणाकाराला पंधरानं भागा. बारा बाय पाचच्या होडीत चार माणसं, तीही शांत पाण्यात.

पाणी भरलं तरी होडी वर राहावी म्हणून बाकांखाली फोम कोंबतात. तिथं उघडा थर्माकोल नको. पेट्रोल सांडलं की तो विरघळतो.

“ट्रेलर काय, दोन चाकं आणि लोखंडी चौकट.”

आता घाटातली गोष्ट. रस्त्यावर ट्रेलर धावला की चाकाचा हब तापतो. धक्क्यावर पोचल्या पोचल्या आपण तो मागं घेऊन थेट खाडीत उतरवतो. गरम हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या कडेनं खारं पाणी आत खेचून घेते. वरून काही दिसत नाही. ग्रीसची खीर होते, बेअरिंग गंजतं, आणि पुढच्या खेपेला घाटात चाक जाम. माझं अस्संच झालं. उपाय फुकट आहे: धक्क्यावर पोचल्यावर अर्धा तास थांबा, हबला हात लावून बघा, मगच उतरवा. तेवढ्यात दिव्यांचा प्लगही काढून ठेवा.

वेल्डरनं चाकं मधोमध लावली असतील तर आणखी एक संकट. मागं वजन जास्त झालं की ट्रेलर वेगात शेपटीसारखा हेलकावतो आणि गाडीलाही ओढतो. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार गाडीच्या हुकवर यायला हवा. होडी, इंजिन आणि ट्रेलर मिळून तीनशे किलो असतील तर हुकवर तीस. ट्रेलरचं तोंड घरातल्या वजनकाट्यावर टेकवा, कळेल. म्हणून धुरा आधी वेल्ड करू नका. नट-बोल्टवर ठेवा, होडी चढवा, इंजिन लावा, मग जागा पक्की करा. होडीची मागची फळी ट्रेलरच्या आधारावर पुरती टेकलेली हवी. इंजिनाचं वजन अधांतरी लटकत राहिलं तर तळाला बाक येतो. आणि चौकट रंगवून भागत नाही, पाइप आतून गंजतो. पैसे कुठं ओतायचेच असतील तर गॅल्व्हनायझिंगवर ओता.

“घरची होडी, घरचा ट्रेलर, कागद कशाला?”

मेलबर्नचा मावसभाऊ ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर बिनब्रेकचा ओढतो, पण त्याच्याही ट्रेलरला नंबरप्लेट आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो, तेव्हा लोखंड कापायच्या आधी आरटीओत विचारून घ्या. समुद्रात मासेमारीसाठी राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखाली परवाना लागतो. धरणात होडी घालणार असाल तर तिथली मासेमारी बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असते. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका.

आणि खाडीत पहिल्यांदा होडी घालाल ती भरती लागताना घाला. इंजिन बंद पडलंच तर पाणी तुम्हाला आत गावाकडे आणेल, समुद्राकडे नेणार नाही.