जुलैच्या खड्ड्याला फेब्रुवारीची पानं

पुण्यात जवळजवळ चार वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर जानेवारी २०२६मध्ये प्रभागांना पुन्हा नगरसेवक मिळाले. नगरसेवकाच्या पत्रकात काय असतं ते पुणेकरांना पाठ आहे: हळदीकुंकू, नेत्रतपासणी शिबिर, ज्येष्ठांची सहल आणि ओला-सुका कचरा वेगळा करण्याचं आवाहन. या यादीत आणखी एका कार्यक्रमाची भर पडावी, असं मला मनापासून वाटतं. पानगळ ऐन भरात असते तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, प्रभागातला पालापाचोळा गोळा करायचा आणि पावसाळ्यासाठी कोरडा साठवून ठेवायचा. काम किरकोळ वाटेल. पण सोसायट्यांमधले कंपोस्टचे खड्डे बंद का पडतात, याचं मोठं कारण या पानांच्या तुटवड्यात आहे.

२०१६च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवायला सांगितलं. खड्डे बांधले गेले. पहिला उन्हाळा बरा जातो. जुलैत मात्र वास सुटतो, चिलटं घोंगावू लागतात, तळमजल्यावरून तक्रारी येतात आणि गणपतीच्या आत झाकणाला कुलूप लागतं. मग सगळा राग निघतो तो कचरा नीट वेगळा न करणाऱ्या शेजाऱ्यावर किंवा खड्डा सांभाळणाऱ्या कामगारावर. प्रत्यक्षात त्या खड्ड्यातले जीवाणू उपाशी असतात आणि गुदमरलेलेही.

जीवाणूंना ऊर्जेसाठी कार्बन लागतो आणि प्रथिनं घडवण्यासाठी नायट्रोजन. एक भाग नायट्रोजनमागे साधारण २५ ते ३० भाग कार्बन असला, की त्यांची वाढ झपाट्याने होते. भाज्यांची देठं, फळांच्या साली, उरलेला भात-आमटी यांच्या मिश्रणात हे प्रमाण १५च्या आसपासच असतं. वापराविना उरलेला नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो. शिवाय स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. तो दबतो, चिकटतो, मधल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि ऑक्सिजन संपतो. मग प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंचं राज्य सुरू होतं. ते आंबट वासाची सेंद्रिय आम्लं बनवतात, हायड्रोजन सल्फाइड बनवतात आणि मिथेनही. शंभर वर्षांच्या हिशेबात हा मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून खड्ड्याचं निदान नाकाने करता येतं. नाकात झोंबणारा वास म्हणजे नायट्रोजन जास्त झाला. आंबूस किंवा सडक्या अंड्यांसारखा वास म्हणजे हवा कमी पडली. दोन्हींवर औषध एकच, वाळलेली पानं. ती कार्बन पुरवतात, जादा पाणी शोषतात आणि ढिगात हवेला वाट ठेवतात.

मिश्रण जमलं आणि ढीग पुरेसा मोठा असला, की दोन-तीन दिवसांत आतलं तापमान ५५ ते ६० अंशांवर जातं. काही दिवस ते तसं टिकलं आणि ढीग अधूनमधून वरखाली केला, तर रोगजंतू, अळ्या आणि तणांचं बी मरतं. ढीग निवल्यावर बुरशी आणि ॲक्टिनोमायसिटीस हे जीवाणू पानांमधल्या चिवट लिग्निनवर काम सुरू करतात. पहिल्या पावसात मातीला येणारा गंध ज्या जिओस्मिनचा असतो, ते ॲक्टिनोमायसिटीसच तयार करतात. चांगल्या खताला तोच गंध येतो.

आता हिशेब करू. वरच्या प्रमाणात बसायचं, तर दहा किलो ओल्या कचऱ्याला सुमारे तीन किलो वाळलेली पानं लागतात. शंभर घरांच्या सोसायटीत घरटी रोज अर्धा किलो ओला कचरा धरला, तर रोज पन्नास किलो कचरा आणि पंधरा किलो पानं. पंधरा किलो पानं म्हणजे चार-पाच गच्च भरलेली पोती. पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती १,८०० किलो पानं कोरडी हाताशी हवीत, वर्षाची जवळपास साडेपाच टन. चार अशोक आणि एक आंबा असलेल्या आवारातून ती मिळणार नाहीत. ज्या रस्त्यावर जुने पर्जन्यवृक्ष आहेत, तिथे मात्र मार्चमध्ये सकाळी झाडलेला पदपथ संध्याकाळी पुन्हा पानांनी भरतो. एका गल्लीत तुटवडा आणि पलीकडच्या गल्लीत सुकाळ, म्हणून हे काम सोसायटीच्या नव्हे तर प्रभागाच्या पातळीवरचं आहे. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ या नागरिकांच्या उपक्रमाने पानं असणाऱ्यांची आणि पानं हवी असणाऱ्यांची गाठ घालून दिली आहे. त्यामागे महापालिकेची गाडी आणि कोठार उभं राहिलं, तर त्याचा आवाका कितीतरी वाढेल.

यातली शास्त्रीय बैठक आपल्याच देशात घडली आहे. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या कृषी संशोधन संस्थेत कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांच्यापासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते आणि दोघांचं पुस्तक १९३१मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. कपाशीच्या पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. पृष्ठभाग वाढला की जीवाणूंचं काम सोपं होतं. आंब्याच्या जाड, मेणचट पानांना आज हाच न्याय लावायला हवा. प्रभागात एक श्रेडर असला, तर पोत्यांची संख्याही निम्म्याहून खाली येईल.

सोसायट्या पैसे घालतात ते जीवाणूंच्या कल्चरच्या पावडरीवर. जीवाणू कचऱ्यावर आणि पानांवर मुळातच असतात. सुरुवातीला विरजणासारखं मूठभर जुनं खत पुरतं. कोकोपीट पाणी छान शोषतं, पण त्यातला बराचसा कार्बन लिग्निनमध्ये अडकलेला असल्याने जीवाणूंना तो सहज मिळत नाही. ते विकत आणायचं आणि दाराशी पडलेली पानं पेटवायची, हे मला पाहवत नाही. त्या धुरातले सूक्ष्म कण सगळ्यात आधी पोहोचतात ते झाडणाऱ्या महिलेच्या छातीत. अल्मित्रा पटेल यांच्या कचऱ्यावरच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. पण मुकादमाकडे पानं ठेवायला जागाच नसेल, तर दंडाची भीती कितपत पुरणार?

जागा फार लागत नाही. उड्डाणपुलाखालचा जाळीबंद तुकडा, उद्यानाचा कोपरा, वर पत्रा आणि खाली विटांचा उंचवटा. पानं ओली झाली नाहीत म्हणजे झालं. गणेशोत्सवातल्या निर्माल्याला हाच साठा उपयोगी पडतो. हार, दूर्वा, केवडा हा अत्यंत ओला कचरा एकदम येतो. त्यातले दोरे, प्लॅस्टिक आणि थर्माकोल निवडून काढण्याचं जिकिरीचं काम घाटावर कचरावेचक महिला करतात. उरलेल्या फुलांत तिसऱ्या हिश्शाइतकी कोरडी पानं मिसळली, तर ढीग काळा चिखल न होता तापतो.

राहिला प्रश्न तयार खताचा. ते निवलेलं आणि भुरभुरीत हवं. अर्धकच्चं खत मुळांजवळचा नायट्रोजनच ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. रस्त्याकडेच्या झाडांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे, कारण त्यांची स्वतःची पानं आपण दरवर्षी उचलून नेतो. मात्र अनेक झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक पोहोचले आहेत. खताचं पोतं घेऊन गेलेल्या माणसाला मातीच सापडत नाही. त्यामुळे प्रभागाच्या निधीतून श्रेडर आणि कोठाराबरोबर झाडांभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढण्याच्या कामालाही तरतूद हवी आहे.