चाचणी सामन्यात बुद्धिबळ इंजिनाने शिकत राहावे का?

बुद्धिबळाची काही इंजिने प्रत्येक डावानंतर अनुभवाची नोंद फाइलमध्ये साठवतात. पुढच्या डावात हरलेली वाट टाळली जाते, जिंकलेली पुन्हा धरली जाते. ‘क्राफ्टी’ या जुन्या इंजिनात ही सोय होती. माणूसही असाच शिकतो; मग चाचणीत ती बंद का ठेवावी?

उत्तर मोजमापाच्या गृहीतकात आहे. एलो गुणांकातील त्रुटीची मर्यादा काढताना सामान्यतः डाव परस्परांपासून स्वतंत्र मानले जातात. समजा, 100 डावांतील 20 विजय एकाच डावाची पुनरावृत्ती असतील, तर तक्त्यात विजय 20 दिसतात. पुरावा मात्र एकाच डावाचा असतो. शिवाय पहिल्या आणि शंभराव्या डावातील इंजिन सारखे राहत नाही. मग गुणांक नेमका कोणाचा?

म्हणूनच स्टॉकफिशमधील बदल तपासताना ठरावीक ओपनिंगपासून, रंग बदलून, डावांच्या जोड्या खेळवल्या जातात. एका डावाचा धडा पुढच्या डावात नेला जात नाही. 2017 मध्ये गाजलेले अल्फाझीरोही स्वतःशी खेळून सामन्याआधीच शिकले होते.

तरीही शिकणे हेच ज्याचे बलस्थान, त्याचे ते काढून घेणे अन्यायाचे ठरेल. तेव्हा दोन परीक्षा वेगळ्या ठेवाव्यात. कोडमधील बदल तपासताना शिकणे बंद असावे. शिकण्याचीच परीक्षा असेल, तर ते चालू ठेवून कोऱ्या फाइलपासून संपूर्ण मालिका अनेकदा खेळवावी. तेव्हा स्वतंत्र पुरावा डाव नव्हे, मालिका ठरते.