परवान्याचे पिस्तूल

अलिबागेस जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या दफ्तरातून ज्या इसमास आत्मरक्षणार्थ पिस्तुलाचा परवाना मिळतो, त्यास २०१६ च्या शस्त्र नियमावलीप्रमाणे ते चारचौघांत नेताना म्यानात पूर्णतः झाकून, सदैव स्वतःच्या ताब्यात ठेवावे लागते. वरातीत बेपर्वाईने बार काढून इतरांचे जीवित संकटात घालणे हा तर २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा ठरला आहे, आणि हे उचितच झाले. रेवदंडा-मुरूडच्या खाऱ्या हवेत नळीस गंज लवकर धरतो, म्हणून तेलाचे फडके वरचेवर फिरवावे. परंतु तत्पूर्वी मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून, आत काडतूस उरले नसल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खातरजमा करावी. निवडणुकीत जमा करण्याचा हुकूम आल्यास शस्त्र ठाण्याच्या हवाली करून पावती घ्यावी.