अहमदनगरची हबशी बिरादरी

संपादकांनी मला नगरला धाडले ते निजामशाहीतील हबशी सरदारांवर लिहिण्यासाठी. परंतु भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकाठाने हिंडताना सनावळ्यांपेक्षा माझे चित्त नावांतच अधिक गुंतले. अंबर म्हणजे सुगंधी द्रव्य, याकूत म्हणजे माणिक, मरजान म्हणजे पोवळे, काफूर म्हणजे कापूर: समुद्रापलीकडून विकत आणलेल्या पोरांना धनी लोक अशी मोलाच्या जिनसांची नावे ठेवीत, आणि आईबापांनी ठेवलेले नाव वाटेतच गळून पडे. मलिक अंबराचे मूळ नाव चापू होते एवढे तरी इतिहासात टिकले. हे भाग्य फार थोड्यांना लाभले.

1548 च्या सुमारास अबिसीनियात जन्मलेला आणि बगदादपर्यंत हातोहात विकला गेलेला हा मुलगा नगरात आला तो मुर्तजा निजामशहाचा पेशवा चंगेझखान याचा गुलाम म्हणून. आणि हा चंगेझखान स्वतः हबशीच असून त्याच्या पदरी असे हजार हबशी होते, असे सांगतात. या बिरादरीचे सारे यंत्र मला येथे उलगडले. धन्याने विकत घेतलेल्या पोराला घोडा, हत्यार आणि दरबारी रीत शिकवावी. ज्याचे गोत तुटले त्याला त्याच धन्याचे मीठ खाणारे सोबती हेच भाऊबंद व्हावेत. आणि मोकळीक मिळून तो सरदारकीस चढला, की त्यानेही आपल्या पदरी तसेच शिपाई बाळगावेत. ज्यांना वतन नाही, मिरास नाही, त्यांचे भांडवल म्हणजे तलवार आणि इमान. विजापुरात, गुजरातेत, जंजिऱ्यावर याच बिरादरीच्या शाखा होत्या.

1600 मध्ये किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा अंबराने परांड्यास नवा निजामशहा गादीवर बसवून बुडालेली दौलत पुढे सव्वीस वर्षे तोलून धरली. 1610 च्या सुमारास आलेला इंग्रज प्रवासी विल्यम फिंच त्याच्या फौजेत दहा हजार स्वजातीय व चाळीस हजार दखनी असल्याचे लिहितो. त्याच्या जमाबंदीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून तेथे थांबत नाही. मी थांबलो तो नगरपासून पाच-सहा कोसांवर, भातोडीच्या बांधावर. 1624 मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा एकवटून येथे आल्या असता अंबराने तलाव फोडून त्यांच्या छावणीभोवती चिखल केला, आणि मग रात्रीच्या छाप्यांनी त्यांना जेरीस आणले. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी येथेच पडले. पाण्याकडे पाहताना मनात त्या वृद्धाविषयी आदरच दाटून आला, कारण तेव्हा त्याने पंचाहत्तरी ओलांडली होती.

तरीही त्या यंत्राचा दोष मनातून जाईना. प्रत्येक मुक्त सरदाराची प्रतिष्ठा आणखी कुणाच्या तरी हिरावलेल्या लेकरावर उभी होती. शिवाय इमान होते ते व्यक्तीशी, तख्ताशी नव्हे. 1626 मध्ये अंबर निवर्तताच हबशी आणि दखनी सरदारांची जुनी तेढ उफाळली, त्याचा पुत्र फतेहखान कैदेत पडला, सुटला, त्याने निजामशहालाच ठार केले, आणि 1633 मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. तीन वर्षांत निजामशाहीही बुडाली.

खुलदाबादेस अंबराच्या कबरीजवळ त्याची पत्नी बीबी करीमा हिची कबर आहे. परंतु चंगेझखानाच्या मृत्यूनंतर ज्या बाईने अंबराला मोकळे केले, तिची ओळख इतिहासात चंगेझखानाची विधवा एवढीच राहिली.