गहाण, शेतजमिनीचे

कर्जाच्या फेडीची हमी म्हणून विशिष्ट स्थावर मालमत्तेतील हितसंबंध ऋणकोने धनकोकडे हस्तांतरित करणे, यास गहाण म्हणतात. गहाण देणारा तो गहाणकार व घेणारा तो गहाणदार. विक्रीने मालकी कायमची जाते. गहाणात ती सामान्यतः मूळ मालकाकडेच राहते व कर्ज फिटताच जमिनीवरील भार उतरतो. हा भेद समजण्यास सोपा आहे. परंतु महाराष्ट्रातील शेतजमिनीच्या इतिहासात तोच वारंवार पुसला गेला.

भारतात १८८२ च्या संपत्ति हस्तांतरण अधिनियमाने (कलम ५८) गहाणाचे सहा प्रकार मानले आहेत. शेतकऱ्याच्या व्यवहारात त्यांपैकी तीन महत्त्वाचे ठरले. साध्या गहाणात (नजरगहाण) ताबा मालकाकडे राहतो व कर्ज थकल्यास धनकोला न्यायालयामार्फत मालमत्तेची विक्री करवून घ्यावी लागते. कब्जेगहाणात ताबा धनकोकडे जातो आणि जमिनीचे उत्पन्न तो व्याजापोटी, मुदलापोटी किंवा दोहोंपोटी घेतो. तिसऱ्या प्रकारात कागद विक्रीचा असतो. मात्र ठरल्या मुदतीत पैसे दिल्यास जमीन परत मिळावयाची असते. मुद्दल शंभर रुपये वा अधिक असल्यास गहाणखत नोंदणीकृत व किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकित असावे लागते; केवळ हक्कलेख ठेवून केलेले गहाण यास अपवाद आहे. सात-बाराच्या उताऱ्यात ‘इतर हक्क’ या सदरी बोजा दाखविला जातो, परंतु त्या नोंदीने गहाण निर्माण होत नाही. हंगेरीत याउलट स्थिती आहे : तेथील २०१३ च्या दिवाणी संहितेनुसार स्थावरावरील गहाणहक्क भूमि-नोंदवहीत नोंद झाल्यावरच अस्तित्वात येतो.

जुन्या मराठी गहाणखतांत ‘गहाण लहाण’ नावाची अट असे. मुदतीत पैसे न आल्यास गहाण हीच विक्री समजावी, असा तिचा आशय. मुंबई उच्च न्यायालयाने रामजी विरुद्ध चिंतो (१८६४) या खटल्यात अशी अट असूनही गहाण सोडविण्याचा ऋणकोचा हक्क मान्य केला. १८८२ च्या अधिनियमाच्या कलम ६० मध्येही हा हक्क आला आहे. दख्खनच्या दंग्यांनंतर (१८७५) झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाखाली न्यायालयांना दस्ताच्या शब्दांमागील खरा व्यवहार तपासता येऊ लागला. १९२९ च्या दुरुस्तीने मात्र परतीची अट विक्रीच्याच दस्तात असल्याखेरीज तो व्यवहार गहाण मानू नये, असे ठरविले. व्यवहारात निश्चिती आली हे खरे. पण खरेदीखत एका कागदावर व परतीचे वचन दुसऱ्या कागदावर किंवा केवळ तोंडी, असे झाले म्हणजे निरक्षर ऋणको सर्वस्वी उघडा पडे.

नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात याचे परिणाम तीव्रतेने दिसले. म्हसावद हे याच तालुक्यातील गाव. तापीखोऱ्यातील सुपीक काळी जमीन एका बाजूस व सातपुड्याचा पायथा दुसऱ्या बाजूस, अशा या भागात भिल्ल शेतकऱ्यांच्या पुष्कळ जमिनी कर्ज, गहाण, खंड व खरेदी या मार्गांनी सावकार व मोठे शेतकरी यांच्याकडे गेल्या आणि पूर्वीचे मालक त्याच शेतांवर सालदार म्हणून राबू लागले. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने येथे आंदोलन उभे राहिले व ३० जानेवारी १९७२ रोजी शहादे येथे भूमुक्ती परिषद भरली. त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. गेलेल्या जमिनी परत मिळविणे ही या आंदोलनाची प्रमुख मागणी होती.

राज्य विधिमंडळाच्या १९७४ च्या अधिनियमानुसार १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेली, बिगरशेतीकडे न वळविलेली जमीन मूळ मालकास वा त्याच्या वारसास परत देण्याची तरतूद झाली. विक्री, गहाण, पट्टा यांबरोबरच न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली हस्तांतरणेही तीत येतात. जमीन परत घेणाऱ्याने आकाराच्या ४८ पट रक्कम किंवा मूळ मोबदला यांपैकी कमी ती रक्कम आणि सुधारणांचे मूल्य द्यावयाचे असते. हे मूल्य ठरविणे हा साहजिकच वादाचा विषय होतो. सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार या खटल्यात हा अधिनियम घटनासंमत ठरविला.

पुढील व्यवहारांसाठी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ घालण्यात आले. त्यानुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला गहाण देण्यास जिल्हाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते व गहाणाची मुदत पाच वर्षांहून अधिक असल्यास राज्य शासनाची पूर्वमान्यताही लागते. या निर्बंधाची दुसरी बाजूही आहे : जी जमीन सहज विकता येत नाही ती धनकोच्या दृष्टीने कच्चे तारण ठरते, आणि गरजू शेतकरी कागदाविना होणाऱ्या व्यवहाराकडे वळतो. मुदत संपल्यावर जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा आदिवासी मालकाच्या अर्जावरून जमिनीचा ताबा त्यास परत देऊ शकतो.